बंदराची सभा

दसरा झाला आणि अण्णांनी विचारलं, "रेश्मा, बंदराची सभा कधी हाय?"

मी कांदाचाळीत कांदा निवडत बसले होते. या दिवसांतला कांदा वरून देखणा असतो आणि हातात घेतला की बोट आत जातं. अण्णा म्हणजे माझे सासरे, कानिफनाथ. पंचाहत्तरी ओलांडलेली, कान शाबूत, गुडघे गेलेले. प्रश्न मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आला होता, तरी मी "काय म्हणालात?" असं विचारलं. सुनेच्या वाट्याला एवढीच विश्रांती येते.

"बंदराची सभा. कारखान्याची भादव्यात असायची. ह्यांची अजून कशी न्हाई?"

आमची वस्ती घोडेगाव आणि शनिशिंगणापूरच्या मधे. इथून समुद्र म्हणजे गाडीने अख्ख्या दिवसाची वाट, आणि आमच्या घरात तो कोणी पाहिलेला नव्हता. पण बंदर आमचं होतं, निदान अण्णांच्या मते. ते कसं, ते सांगते.

मागच्या वर्षी रस्ता रुंद झाला, त्यात आमची बांधाकडची पट्टी गेली आणि तिचे पैसे आले. स्टँडवर जस्टिनचं बँकेचं ग्राहक सेवा केंद्र आहे. जस्टिन मिशन कंपाउंडमधला, त्याच्या आजोबांनी अण्णांना बाराखडी शिकवलेली, म्हणून अण्णांचा त्याच्यावर बँकेपेक्षा जास्त विश्वास. त्यानं सांगितलं, सरकारनं बंदर सुधार रोखे काढलेत. कोकणात पालवणे म्हणून बंदर आहे, ते वाढवायचंय, धक्का बांधायचाय, गाळ काढायचाय. त्यासाठी सरकार लोकांकडून पैसे घेणार, सहा महिन्यांनी व्याज देणार आणि दहा वर्षांनी मुद्दल परत करणार. माझ्या नवऱ्याचं, रविराजचं, म्हणणं साधी ठेव करावी. जस्टिन म्हणाला, व्याज यात बरं आहे. अण्णा दोघांचं ऐकत होते आणि त्यांना काहीच पटत नव्हतं. जे दिसत नाही त्यात पैसे कसे घालायचे? आणि घातलेच, तर आपण तिथले कोण?

जस्टिननं तीनदा समजावलं. त्याच्यामागे पेन्शनच्या म्हाताऱ्यांची रांग लागली होती, लाइट गेली होती, मशीनवर कुणाचा अंगठा उमटत नव्हता. शेवटी तो म्हणाला, "अण्णा, कारखान्याच्या शेअरसारखंच समजा."

अण्णांनी लगेच सही केली. रांगेत मागे आमच्या शेजारच्या साळूबाई होत्या. अण्णांनी केली म्हणून त्यांनीही केली.

मी जस्टिनला दोष देत नाही. दमलेला माणूस जे बोलतो ते सगळ्यांना सगळ्यात लवकर समजतं, आणि तेच सगळ्यात जास्त दिवस टिकतं.

अण्णा खंडेश्वर सहकारी साखर कारखान्याचे सभासद होते. होते, कारण आता कारखाना नाही. पण सभासद म्हणजे नुसता शेअर नव्हे. सभासद म्हणजे दिवाळीला स्वस्तातली साखर. सभासद म्हणजे सोयरीक जुळवताना पोराच्या पगाराच्या आधी सांगायची गोष्ट. माझ्या वडिलांनाही तीच आधी सांगितली गेली होती. आणि सभासद म्हणजे भाद्रपदातली सभा. त्या दिवशी अण्णा इस्त्रीचं धोतर आणि टोपी घालून ट्रॉलीत उभे राहून जायचे, बसले तर घडी मोडेल म्हणून. मांडवात अहवालाचं पुस्तक मिळायचं, ते वाचायला वेळ नसायचा. स्टेजवरून विषय वाचला जायचा, पुढच्या रांगेतली पोरं "मंजूर" म्हणून ओरडायची, की पुढचा विषय. सगळे विषय उरकायला बुंदीचं झाकण निघेपर्यंतचा वेळ पुरायचा.

एका वर्षी अण्णांनी हात वर केला. त्यांनी त्या हंगामात उसाची एक गाडी वाटेत बाजारच्या काट्यावर तोलून पाहिली होती, आणि कारखान्याच्या काट्यावर ती बरीच हलकी भरली होती. त्यांना एवढंच विचारायचं होतं की काटा बरोबर आहे का. ते उभे राहिले. चेअरमननी स्टेजवरून पाहिलं, ओळखीचं हसले आणि माइकवर म्हणाले, "कानिफनाथराव, घरी चहाला या की, तिथं बोलू." अख्खा मांडव हसला. तेवढ्यात विषय मंजूर झाला. अण्णा उभेच होते. मागून कोणीतरी म्हणालं, बसा आता, बुंदी आली.

चहाला ते कधी गेले नाहीत. पुढे काही हंगामांत कारखाना बंद पडला, विकला गेला, यंत्रं भंगारात गेली. सभासद मात्र कोणी विकत घेतले नाहीत. ते घरीच राहिले.

म्हणून बंदराच्या सभेचा विषय निघाला तेव्हा मला कळलं की हे व्याजाचं नाही. मी जस्टिनला घरी बोलावलं. त्यानं बिचाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेअरवाला मालक असतो, रोखेवाला मालक नसतो. तुम्ही सरकारला पैसे उसने दिलेत, अण्णा. सभा मालकांची असते.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उसनं दिलं असंल तर मग इचारायचा हक्क जास्तच झाला की."

जस्टिननं पायात चपला घातल्या आणि केंद्र उघडायला गेला.

मी एकदा शेवटचं म्हणून विचारलं, की अण्णा, तुम्हाला तिथं जाऊन नेमकं काय करायचंय? ते खाटेवर बसले होते. गुडघा चोळत होते.

"मरायच्या आधी एकदा उभं राहून इचारायचंय," ते म्हणाले. "आन् उत्तर ऐकून खाली बसायचंय. हसू न्हाई कोनी. एवढंच."

रविराज सुप्याला एमआयडीसीत कामाला, त्याची त्या आठवड्यात रात्रपाळी. तो म्हणाला, तू ने ना. नवरा 'तू' म्हणाला की काम आपल्या अंगावर आलं असं समजायचं. आणि समजावण्यापेक्षा नेऊन आणणं सोपं असतं, हे मी पोरं वाढवताना शिकले होते. जस्टिनला स्वतःच्या बोलण्याचं ओझं झालं होतं; तो म्हणाला, माझी व्हॅन आहे, मीच नेतो, डिझेलचं बघू नका. साळूबाई आपणहून निघाल्या. त्यांचा हिशेब सरळ होता. कारखाना साखरेचा होता तर साखर देत होता. बंदरात मासळी असते.

मला भीती एकाच गोष्टीची होती. चेअरमनचं हसणं अण्णांनी इतकी वर्षं उरात ठेवलं होतं. आता बंदराच्या फाटकावरचा वॉचमन हसला, तर ते कुठं ठेवणार?

पहाटे निघालो. अण्णा पुढे बसले, धोतराची घडी सांभाळत. पुणं ओलांडून ताम्हिणी उतरायला लागलो तशी हवा दमट झाली आणि साळूबाईंना उलट्या सुरू झाल्या. जस्टिननं घाटात चारदा गाडी थांबवली. दर वेळी साळूबाई तोंड पुसून म्हणायच्या, चला, उशीर नको, सभा सुरू व्हायची. मी जस्टिनकडे पाहायची, जस्टिन आरशात माझ्याकडे. सभा नाही, हे गाडीतल्या दोघांना माहीत होतं आणि दोघांना नव्हतं, आणि माहीत असलेलेच जास्त दमले होते.

पालवण्याला पोचलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. समुद्र आधी दिसलाच नाही. दिसली ती डंपरांची रांग, प्रत्येकात काळे धोंडे भरलेले. रस्त्यावर एवढी धूळ की आमच्याकडचाच वाटावा. मग पत्र्याचं कुंपण, फाटक, आणि फाटकाच्या पलीकडे एक करडी पट्टी. ती पट्टी हलतेय हे लक्षात यायला मला वेळ लागला.

वॉचमन तिथलाच कोणी तरुण होता. त्यानं अण्णांचा पोशाख बघितला, मग व्हॅनमध्ये डोकावला आणि मागे रस्त्याकडे पाहिलं.

"मोर्चा आहे काय?" त्यानं विचारलं. "बाकीचे कुठायत?"

"मोर्चा न्हाई," अण्णा म्हणाले. "आमी रोखेवाले. नगरचे. साहेबाला भेटायचंय."

तो हसला नाही. त्याला काही कळलंच नाही, म्हणून हसला नाही; पण मला तेवढ्यानंही बरं वाटलं. त्यानं फोन केला, कोणाला तरी सांगितलं की नगरहून चार जण आलेत, रोख्यांचं काहीतरी म्हणतायत, नाही, दगडफेक वगैरे वाटत नाही. आम्हाला पत्र्याच्या केबिनच्या सावलीत उभं केलं. साळूबाई खालीच बसल्या. अण्णा बसले नाहीत.

बऱ्याच वेळानं एक इंजिनियर आला. चाळिशीतला, डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, डोळे तांबारलेले. नाव वैजनाथ, असं जाकिटावरच लिहिलेलं होतं. काल रात्रीपासून गाळाच्या मशीनवर उभा आहे म्हणाला, पाच मिनिटांत सांगा. जस्टिननं घाईघाईनं सांगायला सुरुवात केली, की यांनी रोखे घेतलेत, यांचा जरा गैरसमज झालाय, फक्त बंदर बघून—

अण्णांनी जस्टिनच्या दंडावर हात ठेवला.

"सभा कधी असती?" अण्णांनी विचारलं.

वैजनाथनं हेल्मेट काढलं. मला वाटलं, आता येणार ते हसू. पण त्याच्यात तेवढी ताकद नसावी. तो सरळ म्हणाला, "सभा नसते, अण्णा. रोखेवाल्यांना सभा नसते. तुम्ही मालक नाही इथले. पैसे दिलेत, व्याज मिळतंय, मुदत संपली की पैसे परत. बास."

"म्हंजी सावकार."

"तसंच काहीतरी."

अण्णांनी टोपी काढली, आतला घाम पुसला, परत घातली. "आमच्या घरान्यात कोन सावकार झाला न्हवता," ते म्हणाले. ते कोणाला उद्देशून नव्हतं.

साळूबाईंनी संधी साधली. वाट्याचं काही मिळतंय का, त्यांनी विचारलं. वैजनाथ म्हणाला, मावशी, व्याज येतंय ना? साळूबाई म्हणाल्या, येतंय, पण ते मोबाईलमधी येतंय, त्याचं कालवन होत न्हाई. वैजनाथला पहिल्यांदाच थोडं हसू आलं. मासळीचा बाजार मागे वळणावर आहे म्हणाला, विकत मिळेल. साळूबाईंना विकत हा शब्द लागला.

तेवढ्यात डंपर पुढे सरकले. फाटकाच्या आत लोखंडी पट्टा होता, डंपर त्यावर चढून थांबायचा, खिडकीत वजनाचे आकडे उमटायचे, मग तो धक्क्याकडे जायचा. अण्णा ते बघत होते. त्यांची पाठ मला दिसत होती. ती हळूहळू सरळ झाली. मी ओळखलं.

"साहेब," अण्णा म्हणाले. हात वर केला नाही, पण उजवा हात धोतरापासून जरा सुटला होता. "मालक असू नसू. एक इचारू का?"

"विचारा."

"ह्यो काटा बरोबर हाय का?"

डंपर गेला, दुसरा चढला. वैजनाथनं काट्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. मी मनात म्हणत होते, चहाला या म्हणू नको बाबा, दुसरं काहीही म्हण.

"नव्हता," वैजनाथ म्हणाला. "पावसाळ्यात पट्ट्यावर गाळ साचला, वजन जास्त दाखवत होता. ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात, तो कशाला बोलेल? आमच्याही लक्षात उशिरा आलं. गेल्या महिन्यात तपासून घेतला, सील केला. जास्तीचे पैसे त्याच्या बिलातून कापतोय. आज बरोबर आहे. पुढच्या पावसात परत बिघडेल, परत बघावा लागेल."

एवढं बोलून त्यानं पुढच्या डंपरला हात केला.

अण्णा काट्याकडेच बघत होते. मला आधी वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. पण ऐकू आलं होतं. त्यांनी सगळी तयारी प्रश्न विचारायची केली होती. उत्तराच्या पुढे काय करायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे दुसरा प्रश्नच नव्हता. शेवटी ते केबिनच्या पायरीवर खाली बसले. टेकले म्हणायला हवं.

"एवढं सोपं हुतं," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. मी इतका लांबचा प्रवास ज्या आनंदासाठी केला होता, तो तिथं नव्हताच. एखाद्या माणसानं वर्षानुवर्षं वाकून ओझं न्यावं आणि मुक्कामाला कळावं की गाडी शेजारून जात होती, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

वैजनाथनं विचारलं, तुम्हाला काट्याचं कसं सुचलं? तेव्हा अण्णांनी सांगितलं; खंडेश्वरचं, बाजारच्या काट्याचं, चेअरमनच्या चहाचं. थोडक्यात सांगितलं, घरी सांगतात तसं लांबण लावून नाही. खंडेश्वरचं नाव निघाल्यावर वैजनाथ पायरीवर त्यांच्या शेजारी येऊन बसला. त्याची पाच मिनिटं केव्हाच संपली होती.

"आम्ही तिथंच यायचो," तो म्हणाला. "मी शिरूर कासारचा, बीडकडचा. आई-वडील ऊसतोडीला. मी शाळेत होतो तोवर दर दिवाळीनंतर आमचं घर म्हणजे तुमच्या कारखान्याच्या मागची पाचटाची कोपी."

अण्णांनी त्याच्या जाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं.

"आमचंही टनावरच असायचं, अण्णा. तुमचा काटा मारला की आमचाही मारला जायचा. वडील रात्री बोटं मोजायचे, एवढ्या मोळ्या बांधल्या, मग वजन कुठं गेलं. मुकादमाला विचारलं तर तो म्हणायचा, कारखान्याला विचार." त्यानं हेल्मेट मांडीवर उपडं ठेवलं. "सभेच्या दिवसांत आम्ही गावाकडं असायचो. सभा असते हेही मला पुढं कॉलेजात कळलं."

मधे दोन डंपर तोलून गेले. मला माझ्या माहेरचं आठवत होतं; आमच्याही रानात टोळी यायची. आई त्यांना ताक द्यायची. एवढंच आठवलं. त्यांच्यातल्या एकाही बाईचं नाव आठवेना.

"वडील हाईत का?" अण्णांनी विचारलं.

"नाहीत. आई आहे, गावाकडं. इकडं करमत नाही तिला, पाणी खारट म्हणते."

अण्णा जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "त्यांनाबी सभेला बोलवायला पायजे हुतं."

वैजनाथनं यावर काही गोड बोलून टाकलं असतं तर बरं दिसलं असतं. पण तो खरोखर विचार करत होता.

"बोलवलं असतं तरी आले नसते," तो म्हणाला. "दिवस बुडाला असता."

आतून कोणीतरी हाक मारली. तो उठला, अण्णांना उठायला हात दिला, आणि वॉचमनला सांगितलं की यांना पाच मिनिटं धक्क्याच्या टोकापर्यंत नेऊन आण, हेल्मेट घालून. अण्णांनी टोपीवरून हेल्मेट चढवलं. आम्ही जाऊन समुद्र पाहिला. काय सांगू त्याबद्दल? लोक सांगतात तसाच आहे. साळूबाई म्हणाल्या, एवढं पानी आन् उसाला एक थेंब न्हाई. अण्णांनी धोंडे कसे रचलेत तेवढं निरखून पाहिलं.

परतीच्या वाटेवर साळूबाईंनी वळणावरच्या बाजारात सुकट घेतली. कोळणीशी घासाघीस करताना त्यांनी सांगून पाहिलं की बंदरात आमचे पैसे हायेत. कोळीण म्हणाली, मग तर तुम्ही जास्त द्यायला पाहिजेत. तुमच्या त्या धक्क्यापायी आमची होडी लावायची जागा गेली. साळूबाईंनी मुकाट्यानं तिच्या भावात घेतली. पुण्यात जस्टिनच्या बहिणीकडे, एंजेलाकडे, आम्ही मुक्काम केला, तिथपर्यंत आणि तिथून घरापर्यंत गाडीभर सुकटीचा वास होता. कोणी तक्रार केली नाही. तक्रार करायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

स्टँडवर उतरलो तर माणसं टपून बसलेली. आसाराम, आमचा बांधाला बांध असलेला शेतकरी, पुढे झाला. काय म्हणतीय सभा, अण्णा? साखर कुठाय? कारखान्याच्या सभेहून आलं की अण्णा याच बाकावर बसून सगळं रंगवून सांगायचे, बुंदी कशी होती इथपासून. मी म्हटलं, आता हे काय सांगतात. खोटं सांगितलं असतं तरी मी मान हलवली असती.

"सभा न्हवती," अण्णा म्हणाले. "आपुन मालक न्हाई तिथले. जस्टिन सांगत हुता ते खरं हुतं. माझीच समज चुकली."

लोक हसले. हसणारच. आसाराम म्हणाला, म्हणजे नगर ते कोकण फुकट धूळ खाल्ली. अण्णांनी होय म्हटलं, आणि घराकडे चालायला लागले. मी मागून पिशव्या घेऊन चालत होते आणि त्यांच्या पाठीकडे बघत होते. पाठ जाताना होती तशीच होती, जरा वाकलेली. फार काही मनाला लागल्यासारखं दिसलं नाही. किंवा दमणुकीत ते दिसलं नसेल.

दिवाळीच्या आधी दोन दिवस आसारामच्या पडीक तुकड्यात तोडीवाल्यांची टोळी उतरली. आता आमच्या भागातला ऊस लांबच्या खासगी कारखान्याला जातो. संध्याकाळी बघितलं तर कोप्या उभ्या राहिलेल्या, चुली पेटलेल्या. अण्णांनी काठी घेतली. कुठं निघालात, मी विचारलं. आलोच म्हणाले. मी गॅस बंद करून मागे गेले. गुडघे त्यांचे, जबाबदारी माझी.

पहिल्याच कोपीपुढे एक बाई भाकरी थापत होती. माझ्याच वयाची असेल, हाताला उसाच्या पाचटाचे जुने ओरखडे. शेजारी नवरा आडवा झालेला. अण्णा उभे राहिले, तशी ती म्हणाली, मुकादम गावात गेलाय, काम असेल तर उद्या या.

"मुकादमाकडं न्हाई," अण्णा म्हणाले. "तुमालाच इचारायचं हुतं. गेल्या साली काटा कसा हुता?"

तिचा हात भाकरीवर थांबला. नवऱ्यानं मान उचलली.

"तुमी कारखान्याचे का?"

"न्हाई."

"मग पेपरवाले?"

"न्हाई, न्हाई. इथलाच हाय. शेजारचा."

"मंग तुमाला काय करायचंय?"

अण्णांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. शेवटी म्हणाले, "काई न्हाई. लई वर्सं इचारायचं राह्यलं."

बाईनं भाकरी तव्यावर टाकली.

"बाबा, आज लई दमलोय," ती म्हणाली. "दोन दिस गाडीत काढले. आता सांगाया बसले तर भाकर करपंल. पहाटं या. गाडी भरायला थोडा येळ लागतो, तवा सांगते."

अण्णा बरं म्हणाले आणि वळले. वाटेत चिखलात काठी रुतली, ती मी काढून दिली. घराच्या पायरीवर टेकत त्यांनी मला सांगितलं की पहाटे उठव. मी म्हटलं, त्यांची पहाट म्हणजे तीनची असते, आणि तुमचे गुडघे थंडीत धरतात.

"मग तीनला उठव," ते म्हणाले.

मी मोबाईलवर गजर लावला. चिखलातून जायचं म्हणजे बॅटरी धरायला कोणीतरी लागणारच होतं.